दंडाच्या आतली बाजू

खोटं वाटेल, पण कानडी मुलखातल्या चामराजपेटेत जुन्या मराठी घरांत सकवारबाईंना सोबत नेल्याशिवाय मुलगी पसंत होत नसे. मुहूर्त भटजी काढायचे, हॉल मुलीचा बाप बघायचा आणि मुलीचा रंग सकवारबाई ठरवायच्या. चेहऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चेहऱ्याला पावडर लागते, ट्यूबलाइटचा उजेड लागतो, आईबापांच्या थापा लागतात. म्हणून बाई मुलीच्या शेजारी जाऊन बसायच्या, "बांगड्या बघू गं बाळा" म्हणत तिचा हात हातात घ्यायच्या आणि बोलता बोलता पोलक्याची बाही वर सारून दंडाची आतली बाजू खिडकीकडं वळवायच्या. तिथं ऊन पोचत नाही, आणि तिथं पावडर लावायचं कुणाला सुचत नाही. क्षणभर बघायच्या आणि निकाल सांगायच्या. त्यावर अपील नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी तो दंड कल्पनाचा होता.

कल्पना तेव्हा तेवीस वर्षांची, जीवशास्त्रात एम.एस्सी. होत आलेली. तिचे वडील हंबीरराव यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता, साऱ्या पेठेच्या पत्रिका तिथंच छापल्या जायच्या. त्या दिवशी घरात पंधरा माणसं जमली होती. हंबीररावांनी ठेवणीतली तांबड्या काठाची शाल खांद्यावर घेतली होती आणि पाहुण्यांना सांगत होते, "कॉलेज लांब आहे हो. दोन बस बदलायच्या, उन्हातनं चालायचं, त्यानं पोर जरा रापलीय. मुळात उजळ आहे."

सकवारबाईंनी कल्पनाचा हात धरला. बाही नवी होती, घट्ट होती, वर जाईना. बाईंनी जोर लावला तशी शिवण कर्रकन उसवली. बाईंना त्याचं काही नाही. दंड खिडकीकडं वळवून त्या म्हणाल्या, "हंबीरराव, दंडाला कुठलं ऊन लागतं हो? ही रापलेली नाही, मुळातच काळी आहे. खोटं कशाला बोलता?"

सगळे हसले. हंबीररावही शाल सावरत कसनुसं हसले. चहा संपेपर्यंत कल्पना तशीच बसून राहिली, उसवलेली बाही दुसऱ्या हातानं धरून. दुसऱ्या दिवसापासून हंबीररावांनी पेठेतल्या मराठी मंडळात पाऊल टाकलं नाही. पत्रिका छापायचे, पण पत्रिका आलेल्या एकाही लग्नाला जायचे नाहीत.

लोक म्हणायचे, लग्न मोडलं म्हणून पोरीनं मनाला लावून घेतलं. छट्! तो मुलगा कसला दगड होता ते तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पुढं दोन स्थळं चालून आली ती तिनं स्वतः नाकारली. तिच्या काळजात रुतली होती ती उसवलेली शिवण, आणि चारचौघांत आपल्या बापाला खोटारडा म्हटलेलं.

आणि त्याच्याही आधीचं एक होतं. लेप. मसुराची डाळ, संत्र्याची साल, हळद आणि चुन्याची निवळी घालून केलेला 'सकवारबाईंचा लेप' पेठेतल्या घराघरांत लावला जायचा. बाई सांगायच्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा सावळी होते. बाळंतपणाला कोलारला गेले, तिथं वर्षभर हा लेप लावला आणि बघा." बघायला त्यांचा चेहरा होताच, दुधासारखा. यापुढं कोण काय बोलणार? कल्पनाच्या आईनं तिला बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत रोज सकाळी तो लेप चोळला. मानेवर, कोपरांवर, दंडांवर. आग व्हायची, सालं निघायची. "स्वल्प सोस गं," आई म्हणायची, आणि चोळायची. पोरगी उजळली नाही ती नाहीच, उलट मान काळवंडली. घासून घासून कातडीला इजा झाली की ती जागा आणखी काळी पडते, हे कल्पनाला फार पुढं पुस्तकात वाचायला मिळालं. तोवर आई गेली होती. भांडायचं कुणाशी?

तर ही कल्पना शिकत गेली, डॉक्टरेट झाली आणि तिनं विषय घेतला तोच, माणसाच्या कातडीचा रंग. प्रयोगशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी तिच्या हातात टॉर्चएवढं एक यंत्र दिलं. कातडीवर टेकवायचं, ते उजेड सोडतं, किती उजेड परत आला ते मोजतं आणि आकडा देतं. आकडा जितका मोठा तितका रंग गडद. "कुठं टेकवायचं माहीत आहे ना?" प्रोफेसरांनी विचारलं. "दंडाच्या आतल्या बाजूला. तिथं ऊन पोचत नाही." कल्पना इतक्या मोठ्यानं हसली की प्रोफेसर घाबरले.

वर्षं गेली. बाप-लेक आता पेठ सोडून बनशंकरी भागात राहत होते. यंदा जानेवारीत मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. "अक्का, तुम्ही एवढ्या शिकलात, आमच्या मार्चातल्या महिला मेळाव्यात काही तरी सांगा की." ती नाहीच म्हणणार होती. मग चिटणीस म्हणाले, "अध्यक्षस्थानी सकवारबाई आहेत." तेव्हा ती म्हणाली, "सरी, बरं. येते."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या निमित्तानं ती हॉल बघायला गेली, आणि तिथं तिला घबाड सापडलं.

सकवारबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं, डोक्यावर पदर, हातात छत्री. डिसेंबर असो की मे, छत्री सुटायची नाही. लोक म्हणायचे, बाई अजून रंग जपतात. त्या दिवशी झेंडा चढवायचा मान त्यांचा, म्हणून दहा मिनिटं छत्री नातीकडं दिली. कल्पना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तेवढ्या उन्हात बाईंची मान लालबुंद झाली. रापली नाही, नुसती भाजली. काजळ पाझरलं तिथं पापण्यांचे केस पांढरेफटक दिसले. साऱ्या मानेवर एक तीळ नाही, वांगाचा ठिपका नाही.

लेपानं माणूस गोरा होत नाही हे कल्पनाहून जास्त कोणाला ठाऊक असणार? मग कोलारला गेलेली सावळी बाई गोरी झाली कशी, हे कोडं तिच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. ते झेंड्याखाली सुटलं. बाईंना कोड होतं. अंगभर पसरलेलं. कोलारला वर्षभर त्या लेप लावायला नाही, लपायला राहिल्या होत्या. डाग एकमेकांना मिळून अंग एकसारखं पांढरं झाल्यावर परत आल्या, आणि लोकांनी विचारलं तेव्हा मसुराची डाळ पुढं केली.

आता कोड म्हणजे काय? शरीर आपल्याच रंग बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, एवढंच. ते लागत नाही, त्यात पाप नाही, लाजायचं काही नाही. असे कितीतरी लोक कल्पनाच्या प्रयोगशाळेत यायचे, आणि त्यांच्याशी ती इतकी मायेनं बोलायची की ते रडायचे. पण त्या दिवशी घरी जाताना तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. 'सापडलीस,' ती रिक्षात बसून स्वतःशीच म्हणाली.

तिनं बेत आखला. व्याख्यान द्यायचं, मग सगळ्यांचे दंड मोजायचे, आणि शेवटी भर सभेत सकवारबाईंची बाही वर करायची. मध्ये एक अडचण कळली. बाईंची नात हर्षिता हिचं लग्न ठरलं होतं, मुलाची आई जमनाबाई मेळाव्याला येणार होती आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात साखरपुडा होता. कोड असलेल्या घरची मुलगी म्हटल्यावर आपल्यात काय होतं ते सांगायला नको. कल्पना एक दिवस थांबली. विचार केला. मग स्वतःला म्हणाली, मीही कुणाची तरी मुलगी होते की! झालं, अडचण संपली. माणसाचा सूड एकदा पिकला की असा होतो, त्याला आजूबाजूचं दिसत नाही.

"अप्पा, मेळाव्याला तुम्ही यायचं," तिनं वडिलांना सांगितलं.

"कशाला गं? मी आता त्या दारात जात नाही."

"तुम्ही काही करू नका. पहिल्या रांगेत बसा आणि बघा."

हंबीरराव तिच्याकडं बघत राहिले. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. मेळाव्याच्या सकाळी मात्र ट्रंकेतली तांबड्या काठाची शाल काढून खांद्यावर घेतली.

हॉल भरला होता. कल्पना बिनबाह्यांचं पोलकं घालून व्यासपीठावर उभी राहिली तेव्हाच कुजबुज झाली. तिनं माइक घेतला.

"बायांनो, पहिली सगळी माणसं काळी होती. आफ्रिकेत, डोक्यावर ऊन, अंगावरचे केस गेलेले. त्या उन्हानं रक्तातलं फोलेट जळतं, आणि ते कमी पडलं की पोटातलं पोर धड वाढत नाही. गरोदरपणात डॉक्टर गोळ्या देतात ना, त्याच जातीचं ते जीवनसत्त्व. तर ज्यांच्या कातडीत रंगाची छत्री दाट, त्यांचीच पोरं जगली. आपण सगळे त्या काळ्या बायकांची लेकरं. मग काही माणसं उत्तरेला गेली. तिथं ऊनच नाही. ऊन नाही तर हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व नाही. म्हणून तिथं हळूहळू छत्री मिटली गेली. गोरेपणा म्हणजे काय? उन्हाच्या टंचाईत केलेली तडजोड. त्या तडजोडीला आपण देव्हाऱ्यात बसवलं आणि छत्री घेऊन जन्मलेल्या पोरींना चुना चोळला."

मागच्या रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. वयस्कर बायकांनी पदर सारखे केले. सकवारबाई अध्यक्षांच्या खुर्चीत ताठ बसून हसत होत्या.

"आता मोजू या," कल्पना म्हणाली. यंत्राचा आकडा मागच्या पडद्यावर मोठा दिसत होता. आधी तिनं स्वतःचा दंड मोजला. अठ्ठावन्न. मग एकेक बाई हसत, लाजत वर आली. पन्नास, सत्तेचाळीस, त्रेपन्न. जमनाबाई स्वतःला फार गोऱ्या समजायच्या, त्या पदर खोचून पुढं आल्या. चव्वेचाळीस. सगळ्यात गोरी म्हणून जिची ख्याती, तिचे चाळीस. मजा येत होती सगळ्यांना.

"आणि आता आपल्या अध्यक्षीणबाई."

सकवारबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. "माझं काय मोजायचं? सगळी पेठ बघतेय."

"चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही अक्का. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

हॉल हसला. कल्पना त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "बांगड्या बघू," ती म्हणाली. बाईंनी झटकन तिच्याकडं पाहिलं. त्यांना आठवलं. एकोणीस वर्षांनी का होईना, आठवलं, आणि कल्पनाला तेच हवं होतं.

तिनं आधी मनगटावर यंत्र टेकवलं. पडद्यावर एकवीस आले. बायका 'अगं बाई' करून कौतुकानं बोलू लागल्या.

"थांबा," कल्पना म्हणाली. "एकवीस. बर्फात राहणाऱ्या माणसांचाही सहसा एवढा कमी येत नाही. म्हणजे इथं गोरा रंग नाही, रंगच नाही. खात्री करायची तर दंडच बघायला हवा."

सकवारबाईंनी तिचं मनगट धरलं. माइकला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कल्पना, नको. नात उजवायची आहे माझी. पाया पडते."

"मीही उजवायचीच होते अक्का," कल्पना तेवढ्याच हळू म्हणाली, आणि मनगटाची बटणं सोडली.

बाही कोपरापाशी अडली. तिनं जोर लावला. शिवण कर्रकन उसवली. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. क्षणभर तिचा हात थांबला, नाही असं नाही. मग तिनं कापड बाजूला केलं.

दंड पांढरा होता, खडूसारखा. आणि आतल्या बाजूला, काखेच्या थोडं खाली, तळहाताएवढा एक तुकडा शिल्लक होता. काळासावळा, वेड्यावाकड्या कडांचा. पन्नास-पंचावन्न वर्षं पोलक्याखाली झाकून ठेवलेला. कल्पनानं त्यावर यंत्र टेकवलं.

अठ्ठावन्न.

हॉलमध्ये कुणी तरी म्हणालं, "कोड!" मग सगळीकडून तोच शब्द. जमनाबाईंनी हर्षिताच्या शेजारची आपली खुर्ची मागं ओढली, उठल्या आणि हात धुवायला नळाकडं गेल्या. हर्षिता खाली मान घालून बसली. (ते लग्न पुढं झालं. मुलगा बेळ्ळंदूरच्या ऑफिसात होता, तो आईला फोनवर म्हणाला, मग काय झालं? पण त्या वेळी हे कुणाला ठाऊक होतं? कल्पनालाही नव्हतं.)

कल्पनानं माइक तोंडाशी नेला. हे वाक्य तिनं एकोणीस वर्षं जपलं होतं, आंघोळ करताना म्हटलं होतं, बसमध्ये मनात म्हटलं होतं.

"अक्का, दंडाला कुठलं ऊन लागतं हो? खोटं कशाला बोलता?"

कुणी हसलं नाही. सकवारबाई बसल्या जागी होत्या, हात तसाच उघडा पुढं केलेला, जणू तो त्यांचा नव्हताच. अशी त्यांची दशा बघायची म्हणून कल्पना जगली होती, आणि आता बघत होती.

तिनं वडिलांकडं वळून पाहिलं. हे सगळं त्यांच्यासाठी होतं. त्यांचा चेहरा बघायचा होता तिला, एकोणीस वर्षांनी वर झालेली मान बघायची होती. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. हंबीरराव कठड्याला धरून व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होते, एकेक पाय ओढत. कल्पनाचे डोळे भरून आले. आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील, तिला वाटलं. ती एक पाऊल पुढं झाली.

हंबीरराव तिच्या शेजारून पुढं गेले. खांद्यावरची शाल त्यांनी काढली, झटकली आणि सकवारबाईंच्या खांद्यांवरून घेऊन तो उघडा दंड नीट झाकला. शाल सरकू नये म्हणून टोक हाताखाली खोचलं. "थंडी वाजत असेल," ते म्हणाले. मार्चमध्ये!

कल्पना त्या तांबड्या काठाकडं बघत राहिली. कुठल्या कुठं गेली ती. ते पंधराजण, तो चहा, धरून ठेवलेली बाही, आणि समोर शाल सावरून हसणारा बाप.

"अप्पा," ती म्हणाली. माइक चालूच होता, साऱ्या हॉलला ऐकू गेलं. "त्या दिवशी ही शाल तुमच्या खांद्यावर होती."

"होती," हंबीरराव वळले नाहीत.

"मग माझा दंड का नाही झाकलात?"

म्हाताऱ्यानं शालीचं टोक पुन्हा एकदा खोचलं.

"त्या दिवशी सुचलं नाही गं," तो म्हणाला. "त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की सुचलं नाही."

कल्पनाचा राग कमी झाला म्हणाल, तर नाही. सकवारबाईंची तिला दया आली म्हणाल, तर तसंही नाही. फक्त तो एवढा मोठा राग त्या म्हाताऱ्या बाईवरून उठला आणि गुडघे गेलेल्या या माणसाकडं गेला. एकोणीस वर्षं हा राग चुकीच्या दारात उभा होता, हे तिला भर सभेत कळलं.

हंबीररावांनी तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," कल्पना म्हणाली. "मी येते मागनं."